वळणावरची टपालपेटी

पेंत्रेहालेन, वेल्स
१० फेब्रुवारी १९९७

प्रिय मेन्ना,

तुझं पार्सल पोचलं. मोजे उबदार आहेत, पण एवढे लांब मोजे ब्रिस्टलमधल्या बायका घालतात की घोडे, ते जरा चौकशी करून कळव.

आता माझं रडगाणं ऐक. आपली हिरवी गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा! नापास कोणी केली, तर गॅरेजवाल्या एमलिनने. तोच तो, रविवारच्या शाळेत माझ्यासमोर बसून शर्टाची कॉलर चघळायचा. आधी म्हणाला, टायर गेलेत. बदल म्हटलं. बदलले. परत नेली तर म्हणतो, मावशी, खाली गंज धरलाय. अरे, मग टायर बघायला वाकला होतास तेव्हा डोळे काय खिशात होते?

त्यावर कडी म्हणजे, त्याने मला अंगणाच्या टोकाला उभं केलं आणि समोरच्या तीन गाड्यांचे नंबर वाचून दाखवा म्हणाला. शाळकरी पोरीसारखं! मी तिन्ही घडाघडा म्हटले.

गाडी नसली तर माझं काय होतं ते तुला ठाऊकच आहे. बस गुरुवारी एकदा, तीही ड्रायव्हरची मर्जी असेल तर. मिसेस पॅरी आणि बेसी यांना रविवारी चॅपलला प्रार्थनेला कोण नेणार? दोघींचे गुडघे मिळून एक धड गुडघा होत नाही.

पुढचा बंपर थोडा चेमटलाय, पण तो माझा दोष नाही. फाटकाचा खांब वाऱ्याने रस्त्यावर कलला होता.

तुझ्यासाठी विणलेला स्वेटर सोबत पाठवतेय.

तुझी
टेगवेन


ब्रिस्टल
१७ फेब्रुवारी

प्रिय टेगी,

स्वेटर अगदी अंगाबरोबर बसला. फक्त एक बाही निळी आहे आणि एक काळी. हल्ली अशी फॅशन आहे म्हणून मी तो घालून बाजारात जाऊन आले. पण टेगी, तू कसल्या उजेडात विणतेस? विजेचं बिल वाचवायला अंधारात बसतेस, मला माहीत आहे. अक्षरही केवढं मोठं काढलंयस, शेवटच्या दोन ओळी तर एकमेकींच्या अंगावर चढल्यात. मोठा दिवा पाठवतेय. लाव, नुसता कपाटात ठेवू नकोस.

गाडीचं वाचल्यापासून मला चैन नाही. गंज म्हणजे कुठे? किती? रस्त्यात मधेच खालचा पत्रा तुटला तर? रात्रभर डोळ्यांसमोर तो घाट येत होता. आणि सकाळी शेजारच्या मिसेस लव्हेलला सांगितलं तर ती हसायला लागली. तिच्या गाडीत एका गॅरेजने सहा दोष काढले होते. तीच गाडी न धुता, न पुसता दुसऱ्या गॅरेजला नेली तर एकही नाही! म्हणाली, जो तपासतो तोच दुरुस्तही करतो, मग दोष नाही सापडणार तर काय सापडेल? कुंपणच शेत खातं.

एमलिन तसा असेल असं मला वाटत नाही. त्याचा बाप डाय किती सरळ माणूस होता. पण गिऱ्हाईक तुटत चाललं की सरळ माणसंही वाकतात. तू गाडी बाजारच्या गावातल्या मोठ्या गॅरेजला दाखव. आधी वेळ ठरवली असेल तर नापास गाडीही तिथपर्यंत नेता येते म्हणे. पण तू स्वतः चालवू नकोस! गंज खरंच असेल तर? अगं, एमलिन खोटा असला तरी काळजी आणि खरा असला तरी काळजीच. मी करू तरी काय?

तुझी
मेन्ना


पेंत्रेहालेन
५ मार्च

प्रिय मेन्ना,

पास! पास! पास!

तुझ्या एमलिनने गंज घासला, बिल घेतलं, आणि मग काय म्हणतो, आता ब्रेकची नळी खराब आहे. नवी मागवलीय. कुठून? कॉव्हेंट्रीहून. एक आठवडा गेला, दोन गेले. नळी बहुतेक पायी येत असावी. रोज विचारायला जावं तर हा गाडीखाली शिरून बसायचा, नुसते बूट बाहेर. शेवटी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या खिळ्यावरची माझी किल्ली उचलली, मोठ्या गॅरेजशी फोनवर वेळ ठरवली आणि नेली गाडी. हो, मीच नेली. दुसरं कोण नेणार, राजवाड्यातला कोचमन?

तिथल्या पोराने गाडी वर चढवली, खाली उतरवली, ब्रेक यंत्रावर दाबून पाहिले. एकही दोष नाही. ब्रेकची नळी तर नव्यासारखी. वर म्हणाला, आजी, गाडी छान सांभाळलीय. मी त्याला बरोबर नेलेला मनुकांचा पाव देऊन टाकला.

परतताना एमलिनच्या दारातच गाडी थांबवली आणि कागद काचेला लावून दाखवला. पांढराफटक पडला. म्हणतो, मावशी, नका चालवू, तुमच्या पाया पडतो. चोर तो चोर! दुकानापुढे चार माणसं होती, त्यांच्यादेखत मी त्याला असा झाडला की बोलायची सोय नाही. गंमत म्हणजे चौघांतलं कोणीही माझ्या बाजूने एक शब्द बोललं नाही. सगळे आपापले बूट बघत होते. माणसं अशीच, ज्याच्याकडे पाना त्याच्याकडे ओढा.

दोन्ही गॅरेजचे कागद तुला पाठवतेय. बघ आणि हस. रविवारी मिसेस पॅरी आणि बेसी यांना घेऊन वाजतगाजत चॅपलला जाणार आहे.

दिवा छान आहे. लावला.

टेगवेन


ब्रिस्टल
९ मार्च

प्रिय टेगी,

दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बसलेय. एकावर लिहिलंय, ही गाडी रस्त्यावर आणण्यालायक नाही. दुसऱ्यावर, एकही दोष नाही. गाडी तीच, चाकं तीच, मधे एक घाट. मग आपण कशाच्या भरवशावर गाडीत बसतो गं? मला आनंद व्हायला हवा, आणि झालाही, पण कागद पुन्हा पुन्हा वाचतेय.

आज मी वाहन खात्याकडे तक्रार लिहून पोस्टात टाकली. कागदांच्या नकला जोडल्या. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. एमलिनवर राग आहेच, पण त्याहून जास्त हे की तुझ्यासारखं भांडायला न येणाऱ्या किती म्हाताऱ्यांना त्याने असं फसवलं असेल?

(नको. हे पत्र पाठवत नाही. तक्रारीचं तिला इतक्यात कळायला नको. दुसरं लिहिते.)


पेंत्रेहालेन गॅरेज
११ मार्च

मिसेस मेन्ना हार्डिंग यांस,

मी एमलिन, डाय गॅरेजचा मुलगा. तुम्ही लग्न होऊन गेलात तेव्हा मी लहान होतो, पण ओळखाल. मला पत्रं लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करा.

हिरव्या गाडीत काही दोष नाही. कधीच नव्हता. टायर अजून वर्षभर चालले असते. गंज बोटभर होता. नळी मी मागवलीच नव्हती.

टेगवेन मावशींना दिसत नाही.

किती दिसत नाही ते मला सांगता येत नाही, कारण त्या कबूल करत नाहीत. शरद ऋतूत चॅपलच्या वळणावर त्या उजव्या बाजूने आल्या. पोस्टमन सायकलसकट चरात पडला, म्हणून वाचला. त्यांना कळलंसुद्धा नाही. आमच्या फाटकाचा खांब त्यांनीच पाडला. एकदा माझ्या अंगणात आल्या आणि खुंटीवर टांगलेल्या माझ्या कोटाशी हवापाण्याच्या गोष्टी बोलत उभ्या राहिल्या. मी मागे होतो. मला हसूही आलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, बाई इकडे फिरकतच नाहीत. गाडी दर वर्षी दुसऱ्याने तपासायची, आणि सत्तरीनंतर माणसाने मात्र दर तीन वर्षांनी आपलं आपण लिहून द्यायचं की मला दिसतं. त्यांनी लिहून दिलंय. मी अंगणात नंबर वाचायला लावले तर तिन्ही बरोबर! घरी गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गाड्या गावातल्याच होत्या. आम्ही इथे माणूस येतोय हे गाडीवरून ओळखतो, एकमेकांचे नंबर सगळ्यांना पाठ. मावशींनी वाचले नाहीत, म्हटले.

गावात सगळ्यांना माहीत आहे. पण सांगायचं कोणी? आम्हा सगळ्यांना त्यांनी अक्षरं शिकवली. बाईंना नापास करणं कोणाच्या हातात नव्हतं. गाडीला नापास करणं माझ्या हातात होतं, ते मी केलं.

आता तोही इलाज गेला. तुम्ही या. रविवारी त्या पुन्हा त्या दोघींना घेऊन निघतील.

आपला
एमलिन


ब्रिस्टल
१३ मार्च

एमलिन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी तुझी तक्रार केली आहे. तुझं पत्र यायच्या आधीच पोस्टात टाकली होती. आज खात्याला फोन केला, मागे घेते म्हटलं. तिथली बाई म्हणाली, आता ते तुमच्या हातात नाही. मला माफ कर.

पण मी रागावलेही आहे, तेही लिहिते. शरद ऋतूत का नाही कळवलंस? पोस्टमन चरात पडला त्याच दिवशी एक ओळ टाकायची होती! आणि दुसरं. मायेपोटी चांगली गाडी नापास लिहितोस, तर मायेपोटी वाईट गाडी पास लिहिली नसशील कशावरून? मी रात्रभर हाच विचार करतेय. अकरा वर्षं माझी बहीण तुझ्या सहीच्या भरवशावर तो घाट उतरली.

रविवारी येते. तिला सांगू नकोस. मी स्वतः बघते.

मेन्ना हार्डिंग


पेंत्रेहालेन
२५ मार्च

प्रिय मेन्ना,

न कळवता आलीस, किती बरं वाटलं! पण जेवलीस काय ते? माझ्या हातचा मटणाचा रस्सा आणि तू चमचा नुसता ढवळत बसलीस. चेहरा म्हणे प्रवासाने उतरला होता. ब्रिस्टलहून इथवर काय चंद्र लागतो? आणि येता-जाता तुझं ते एकच, टेगी, चष्मा बदल, टेगी, डॉक्टरकडे जा. माझा चष्मा उत्तम आहे. तूच सारखा रुमाल डोळ्यांना लावत होतीस, तूच दाखव.

इथे मोठंच प्रकरण झालं. खात्याचा साहेब आला. हिरवी गाडी पुन्हा तपासली, एमलिनची वही बघितली, दोन तास आत बसला. एमलिनने सगळं कबूल केलं म्हणे. आणि त्याच्या दारावरची ती निळी पाटी, तीन पांढऱ्या त्रिकोणांची, उतरवली. आता त्याला गाड्या तपासता येणार नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता, पण डायने ती पाटी लावली तेव्हा बँड वाजला होता, आठवतं? मी दुकानात पाव घ्यायला गेले तर सगळे बोलायचे थांबले. मी तक्रार केली नाही. मग कोणी केली? मेन्ना, तू तर नाही ना?

एक चांगली बातमी लिहायची राहिलीच. तू आलीस त्या रविवारी चॅपलला जाताना पाहिलं, वळणावर नवी टपालपेटी बसवलीय. लालभडक, अगदी रस्त्याच्या कडेला, थोडी जास्तच कडेला. मिसेस पॅरीला म्हटलंसुद्धा, बरं झालं, आता खालपर्यंत जायला नको. पण काल एक पत्र टाकायला म्हणून तिथे चालत गेले, तर पेटी नाही! हाताने चाचपून झुडपंसुद्धा पाहिली. आठ दिवसांत बसवली काय आणि काढली काय. या कारभाऱ्यांपुढे हात टेकले.

टेगवेन


ब्रिस्टल
२८ मार्च

टेगी,

ती टपालपेटी नव्हती. ती मी होते.

माझी गाडी खाली ठेवून मी चढ चढून आले होते. लाल कोट घातला होता. तुझी गाडी येताना दिसली तेव्हा मी दोन्ही हात हलवत होते. तू थेट माझ्या अंगावर आलीस, टेगी. मी झुडपात उडी टाकली. तुझा आरसा माझ्या बाहीला घासून गेला. मागच्या सीटवर मिसेस पॅरीने डोळे गच्च मिटून घेतले होते, ते मला दिसलं.

मग मी वर घरी आले, तुझ्याशी जेवायला बसले आणि भित्र्यासारखी गप्प राहिले. तू इतकी खूश होतीस. चष्मा म्हटलं, डॉक्टर म्हटलं, पुढचं वाक्य तोंडातून निघेना. तेव्हापासून रोज लिहिते आणि फाडते.

तक्रार मी केली. एमलिनने पैशांसाठी काही केलं नाही. गाडी चांगली आहे हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. तुला रस्त्यावरून उतरवायचं होतं त्याला, आणि तसं तोंडावर सांगायची हिंमत आख्ख्या गावात कोणाला नव्हती. मलाही नव्हती. म्हणून बिचाऱ्या गाडीवर ढकललं.

मला हवं ते बोल, पण गाडीला हात लावू नकोस. एवढं ऐक. तुझ्या पाया पडते.

मेन्ना


ब्रिस्टल
१५ एप्रिल

एमलिन,

तिचं उत्तर नाही. फोन उचलत नाही. मी यायला निघाले आणि दारातून परत फिरले. माझं तोंड बघायची तिची इच्छा नसेल तर? काही झालंय का? एका ओळीत कळव. वाईट असलं तरी कळव.

मेन्ना


पेंत्रेहालेन
१७ एप्रिल

मिसेस हार्डिंग,

धुराड्यातून धूर निघतो. गाडी घरासमोर उभी आहे. तीन रविवार जागची हललेली नाही. मिसेस पॅरी आणि बेसी यांना दुकानवाल्याने नेलं.

काल पहाटे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, मी अनवाणी धावत गेलो. त्या नुसत्या आत बसल्या होत्या. इंजिन चालू, हात चाकावर. मला म्हणाल्या, आवाज चांगला येतोय ना रे? चांगला येतोय म्हटलं. मग बंद केलं.

एमलिन


पेंत्रेहालेन
४ मे

मेन्ना,

एका पानावर हल्ली चारच ओळी मावतात. तेव्हा पाकीट जाड आहे म्हणून पैसे पाठवलेत समजू नकोस.

तुझ्यावर रागावले होते. एमलिनवर, मिसेस पॅरीवर, सगळ्यांवर. डोळे मिटून बसायची, पण एका शब्दाने बोलली नाही! विचारलं तर म्हणते, तुम्हाला वाईट वाटलं असतं. जीव गेला असता तरी चालेल, मला वाईट वाटायला नको. अशी माणसं आपली.

मग राग संपला आणि दुसरंच सुरू झालं. मेन्ना, मी तुला मारलं असतं. आणि घरी येऊन रस्सा गरम करताना सांगितलं असतं, की वळणावरच्या टपालपेटीला जरासा धक्का लागला. रोज सकाळी उठल्यावर हेच आठवतं.

दोन आठवड्यांपूर्वी मीच एमलिनच्या अंगणात गेले. म्हटलं, मला माहीत नसलेली गाडी उभी कर. गुरांचा नवा डॉक्टर आला होता, त्याची उभी केली. मी टोकाला जाऊन उभी राहिले. नंबर राहू दे, मी विचारलं, गाडी समोरून आहे की मागून? एमलिनने खुर्ची आणून दिली.

मग मी त्याला तुझा प्रश्न विचारला. हो, त्याने मला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, अकरा वर्षं पास केलीस, त्यातली खरी किती? त्याने पाना पुसून ठेवला. म्हणाला, एक सोडून सगळी. ज्या आठवड्यात आमचे हे गेले त्या आठवड्यात मागचे ब्रेक गेलेले होते. मला दारात उभं बघून त्याच्याने नापास लिहवलं नाही. पास लिहिलं, आणि दोन दिवसांनी गाडी मागून नेऊन गुपचूप ब्रेक बदलले. त्या दोन दिवसांत मी अंत्ययात्रेच्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडत होते, मेन्ना. घाटातून.

मी म्हटलं, एमलिन, मग तुझी पाटी उतरवली ते योग्यच झालं. तो म्हणाला, हो मावशी. मग आम्ही चहा प्यायलो. त्याची पाटी आणि माझी किल्ली, दोन्ही एकाच खिळ्यावर टांगलीत.

गाडी तपासायचा परवाना गेला असला तरी चालवायचा आहे त्याच्याकडे. दर रविवारी तोच आम्हा तिघींना नेतो. गिअर असा टाकतो की हिरवी कण्हते, आणि मी त्याला तसं सांगते. मिसेस पॅरी आता डोळे उघडे ठेवून बसते. बडबडही फार करते, आधीचंच बरं होतं.

डॉक्टरने डोळे पाहिले. नजरेतलं मधलं गेलंय, कडा राहिल्यात. परत येणार नाही म्हणाला. मी रडले, लपवत नाही.

तू ये. पण थेट घरी येऊ नकोस. रविवारी चॅपलच्या वेळेला वळणावर उभी राहा, तोच लाल कोट घालून, तिथेच. मी डाव्या सीटवर असेन. एमलिन गाडी थांबवेल आणि तू कोणत्या बाजूला आहेस ते मला सांगेल. मग मी काच खाली करून हात बाहेर काढीन.

टेगी